बांगड्याच्या तोंडातलं शास्त्र

सोपानराव ओव्हाळ शास्त्रज्ञ झाले ते एका खाऱ्या बांगड्यापायी, आणि तो बांगडाही त्यांनी आणलेला नव्हता. भोरच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवत. शास्त्र म्हणजे बेडकाची आकृती, हृदयाची आकृती आणि परीक्षेला हमखास येणारी जास्वंदीच्या फुलाची आकृती. जगाच्या ज्ञानात आपण स्वतः काही भर घालावी अशी महत्त्वाकांक्षा त्यांना कधीच नव्हती. त्यांची महत्त्वाकांक्षा एवढीच होती, की अण्णा दफ्तरदारांच्या घरामागच्या दोन खोल्या हातच्या जाऊ नयेत.

ही महत्त्वाकांक्षा वाटते तितकी लहान नव्हती. भोरमध्ये खोली शोधताना सोपानरावांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. आपण आडनाव सांगितलं, की घरमालकाचा पुतण्या नेमका त्याच महिन्यात राहायला येतो. सगळ्या गावात इतके पुतणे एकदम कुठून येत होते, हाही खरं तर संशोधनाचा विषय होता. अण्णांना मात्र पुतण्या नव्हता. शिवाय ते सुधारक होते. संस्थानच्या दप्तरात उभी हयात घातलेला हा गृहस्थ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आम्ही जातपात मानत नाही. सरांना खोली दिलीच की. फक्त घरात वशाट शिजता कामा नये." सोपानरावांनी ही अट इतक्या घाईघाईनं मान्य केली होती, की अण्णांना वाटलं हा माणूस जन्माचा माळकरी असावा.

बायकोनं, अंजनानंही ती मान्य केली. पण मग तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले. चिंचेचे लागते, कैरीचे लागते, तर सोपानरावांनी झाडावर चढून ते पुरवले असते. तिला हवा होता निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि नाचणीची भाकरी. सोपानरावांनी तिला मसुराच्या डाळीतल्या प्रथिनांविषयी बरीच माहिती दिली. तिनं ती ऐकून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

असल्या बातम्या एस्टीबरोबर प्रवास करतात. वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझरला सोपानरावांची आई साळूबाई राहत. त्यांच्या कानावर हे गेलं आणि पुढच्या बाजारच्या दिवशी नसरापूरला गाडी बदलून त्या भोरला हजर झाल्या. वाटेत भोरच्या बाजारातल्या सुक्या मासळीच्या ओळीतून, महाडकडून घाट चढून आलेला ताजा माल पारखून, त्यांनी बांगडे घेतले. खोलीत आल्यावर पिशवी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं.

खाऱ्या बांगड्याच्या वासाची गंमत अशी आहे, की ज्याला तो आवडतो त्याला भूक लागते आणि ज्याला आवडत नाही त्याला नियम आठवतात. पुडकं पुरतं सुटलंही नव्हतं, तोच अण्णा दारात येऊन उभे राहिले. नाकाला उपरणं लावून त्यांनी विचारलं, "सर, हे काय आहे?"

साळूबाई सांगणारच होत्या, की हे सुनेसाठी आहे. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी सोपानरावच बोलून गेले, "शाळेच्या प्रयोगशाळेचा नमुना आहे, अण्णा. कोकणातून मागवला होता. स्टँडवर आला होता, तो आईनं येताना उचलून आणला."

साळूबाईंनी लेकाकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

आता दुसरा एखादा घरमालक एवढ्यावर निघून गेला असता. पण अण्णा दप्तरातले होते. कागद पाहिल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात शेरा मारला नव्हता. "कसला नमुना? काय पाहतात याच्यात?" असं त्यांनी विचारल्यावर सोपानरावांना काहीतरी दाखवणं भाग पडलं. दात तरी दाखवू म्हणून त्यांनी पेन्सिलीनं बांगड्याचा जबडा उघडला, तर आत जिभेच्या जागी कोणीतरी बसलेलं होतं.

चिंचोक्याएवढा, वाळक्या पेंढ्याच्या रंगाचा, अंगावर कौलांसारखे थर असलेला एक प्राणी. त्याला दोन काळे डोळे होते आणि त्या डोळ्यांनी तो सोपानरावांकडे पाहत होता. सोपानरावांच्या अंगावर काटा आला. तो त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवला आणि बोट दाखवून म्हणाले, "हाच. याचाच अभ्यास चाललाय." कॉलेजात असताना कुठल्याशा पुस्तकात पानाच्या तळाशी बारीक अक्षरात वाचलेलं त्यांना देवाच्या दयेनं आठवलं. ओल्या दगडाखाली सापडणाऱ्या, बोट लावलं की गोल होणाऱ्या किड्याचा हा समुद्रातला भाऊबंद. सगळे पाय सारखे. माशाच्या तोंडात शिरतो, जिभेतलं रक्त पितो, जीभ झडून जाते, आणि मग हा स्वतःच जीभ होऊन तिथं मुक्काम ठोकतो.

"नाव काय याचं?" अण्णांनी विचारलं.

इथं 'मला माहीत नाही' असं म्हणता आलं असतं. पण एकदा खोट्याची सुरुवात झाली, की त्यात अज्ञान कबूल करायला माणसाला लाज वाटते. सोपानराव म्हणाले, "याला अजून शास्त्रात नाव नाही."

अण्णांचा चेहराच बदलला. ज्याची नोंद नाही अशी वस्तू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. उपरणं नाकावरून काढून ते भाडेकरूच्या खोलीत पहिल्यांदाच आत आले आणि त्या बांगड्यासमोर उकिडवे बसले.

संध्याकाळच्या गाडीला निघताना साळूबाई लेकाला एवढंच म्हणाल्या, "म्या सुनंसाठी आनला व्हता रं."

"माहीत आहे, आये. पण खोली..."

"व्हय," त्या म्हणाल्या, "खोली ऱ्हायली पायजे."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळ-संध्याकाळ प्राण्याची विचारपूस करायला येऊ लागले. त्यामुळे बांगडे भाजण्याची सोयच उरली नाही. ते फळीवर बरणीत राहिले आणि अंजना स्वयंपाक करताना त्यांच्याकडे पाहत राहिली. आळीत बातमी फुटली तसे सल्लेही सुरू झाले. समोरचे रखमाजी शिंपी म्हणाले, किडा टिकवायचा तर घासलेटात बुडवा, त्यांनी लग्नाचा कोट तसाच टिकवला होता. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरांचं मत पडलं, की घासलेटानं रंग जातो, एरंडेल उत्तम. हेडमास्तरांनी शाळेचं नाव कुठं येईल याची चौकशी केली. किडा जिवंत नाही हे कळल्यावर काही जण नाराज झाले, आणि ती नाराजी त्यांनी सोपानरावांवर काढली.

शास्त्र म्हणत होतं, की प्राणी स्पिरिटमध्ये ठेवावा. पण दारूबंदीचे दिवस. शाळेतलं स्पिरिट दिव्यापुरतं यायचं, ते यंदा आलंच नव्हतं, आणि नव्यासाठी पुण्याचा परवाना लागणार होता. सोपानरावांनी अर्ज केला. अर्ज परत आला, कारण 'स्पिरिट कोणास हवे' या रकान्यात त्यांनी 'प्राण्यास' असं लिहिलं होतं. शेवटी शाळेचा शिपाई गेनू म्हणाला, "सर, कागदाच्या नादी कशाला लागताय? आमच्याकडं त्येच मिळतंय, निस्तं नाव दुसरं हाय." आणि त्यानं हातभट्टीची बाटली आणून दिली.

एका काखेत ती बाटली आणि दुसऱ्या हातात पोरांना दाखवायला नेलेला प्राण्यासकट बांगडा, अशा थाटात सोपानराव शाळेतून निघाले आणि चौकात जमादारानं त्यांना अडवलं. त्यानं बूच काढून हुंगलं, पुडकं उघडून पाहिलं आणि बऱ्याच आदरानं म्हणाला, "मास्तर, चखण्याची बी सोय हाय की." त्यांनी शिकवलेल्या निम्म्या गावानं हे ऐकलं. सोपानरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांनी तशी शपथच घेतली होती. तिथं उभ्या उभ्या त्यांना वाटलं, खरं सांगून टाकावं. पण खरं नेमकं कुठून सांगायला लागणार, हेच त्यांना सुचेना.

अण्णा धावत आले. चौकातच त्यांनी जमादाराला शास्त्र, समुद्र आणि संस्थानच्या काळातला कायदा या तिन्ही विषयांवर असं सुनावलं, की जमादारानं बाटली परत तर दिलीच, वर प्राण्याचं दर्शनही घेतलं. घरी परतताना अण्णा म्हणाले, "सर, तुमच्या सचोटीची हमी मी दिली आहे." सोपानरावांना ती बाटली एकदम फार जड लागायला लागली.

मुंबईच्या एका तज्ज्ञांना पत्र पाठवायची कल्पना अण्णांचीच. अक्षरही अण्णांचंच, मोत्यासारखं. नमुना डबीत घालून रवाना झाला. सोपानरावांची खात्री होती, की तज्ज्ञ हसतील, 'अमुक नावाचा सामान्य प्राणी' असं कळवतील आणि प्रकरण मिटेल. पण नशीब असं, की तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी कळवलं, की प्राणी खरोखरच नवीन दिसतो. मात्र त्याचं वर्णन छापायचं तर आणखी नमुने हवेत, नर आणि मादी दोन्ही. या जातीत लहानपणी सगळे नर असतात, कल्ल्यांत राहतात आणि मोठे झाले की मादी होऊन तोंडात बसतात. अण्णांनी हे दोनदा वाचलं. मग म्हणाले, "दप्तरात अशी एक केस आमच्या ऐकण्यात होती. पण ती बदलीची होती."

शिवाय तज्ज्ञांना कळायला हवं होतं, की मासा कुठला आणि तो कोणी गोळा केला. अण्णा टाक शाईत बुडवून वाट पाहत बसले होते. 'भोरच्या बाजारात, माझ्या आईनं, खाण्यासाठी' असं सांगायचं होतं. एवढंच खरं होतं. सोपानरावांनी कोकणातल्या एका गावाचं नाव घेतलं, जिथं ते कधी गेले नव्हते, आणि सांगितलं, "लिहा, सुट्टीत मी स्वतः जाऊन नमुन्याचं ठरवून आलो होतो." अण्णांनी वळणदार अक्षरात ते लिहिलं आणि वर वाळू टाकून ते पक्कं केलं.

आणि मग जे सुरू झालं ते आळीनं कधी पाहिलं नव्हतं. बाजारच्या दिवशी सोपानराव उघड उघड, पिशव्या भरभरून खारे बांगडे आणू लागले. घराच्या मागच्या ओट्यावर अण्णा नाकाला उपरणं बांधून, हातात भिंग घेऊन बसत आणि एकेका बांगड्याचा जबडा स्वतः उघडून 'पुढे', 'पुढे' करत. सगळ्या आळीत तोच वास. पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढेना. रखमाजी शिंपी तर गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत, "हे शास्त्र आहे." तोच बांगडा, तेच मीठ, तोच वास. फक्त तो ताटात जाणार नाही एवढी खात्री झाली, की लोकांना तो सोसत होता. सोपानरावांना हे कळत होतं, आणि कळूनही ते पिशव्या वाहत होते.

तपासून झालेले बांगडे पोत्यात जात. अण्णांच्या भोपळ्याच्या वेलाला खत म्हणून ते पुरायचे, असं ठरलं होतं. एकदा सोपानराव पोतं उचलायला आले, तेव्हा अंजना पोटावर हात ठेवून त्याच्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "किड्याचे डोहाळे पुरवलेत. आता भोपळ्याचे पुरवा." ती रागावलेली नव्हती, हेच सोपानरावांना जास्त लागलं.

नर सापडला, मादी सापडली, वर्णन लिहून झालं. नाव काय द्यायचं हा प्रश्न तज्ज्ञांनी सोपानरावांवर सोपवला. त्यांना एक नाव सुचलं होतं, आईचं. रात्रभर ते मनात घोळवून सकाळी त्यांनी दुसरंच कळवलं. प्राण्याला अण्णांचं नाव मिळालं, दफ्तरदारांचं, लॅटिन शेपटी लावून. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. सात पिढ्या शाकाहारी असलेल्या घराण्याचं नाव आता जगाच्या अंतापर्यंत एका बांगड्याच्या तोंडात राहणार होतं, आणि त्यांना त्याचा आनंद आवरत नव्हता. त्यांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "सर, आता ही खोली तुमचीच समजा."

वर्णन छापायला गेल्याचं कळताच वाचनालयात सत्कार ठरला. अण्णांनी कंडक्टरच्या हाती विंझरला निरोप धाडून साळूबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर हेडमास्तर, अण्णा आणि गळ्यात झेंडूचा हार घातलेले सोपानराव.

अण्णांचं भाषण झकास झालं. संस्थानापासून समुद्रापर्यंत सगळं त्यात आलं. "आमच्या घरात वशाटाला मज्जाव आहे," ते म्हणाले, "पण शास्त्राला नाही." टाळ्या पडल्या. मग त्यांना एकाएकी उमाळा आला आणि ते साळूबाईंकडे वळले. "सरांच्या मातोश्री इथं आहेत. पहिला मासा या माउलीनं स्टँडवरून स्वतः उचलून आणला. त्या वासाचा त्यांना किती त्रास झाला असेल, ते त्यांनीच सांगावं."

साळूबाई उठल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग लेकाच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं.  आता ही खरं सांगणार, असं सोपानरावांना वाटलं, आणि सांगितलं तर बरं होईल, असंही वाटलं.

"आमच्यात मासळी खात न्हाईत, अण्णासायब," साळूबाई म्हणाल्या. "मला तिचा वास बी सोसत न्हाई. पर लेकाच्या शास्तराचं काम म्हनून आनला."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सोपानराव खाली मान घालून बसले. भाताची लावणी करून चिखलानं भरलेल्या पायांनी घरी यावं आणि चुलीत भाजत असलेल्या बोंबलाचा वास वाटेवरच लागावा, म्हणजे घर आलं. त्या वासावर ते लहानाचे मोठे झाले होते. आणि आज त्यांच्या आईनं, चार लोकांत उभं राहून, तो वास नाकारला होता. तिला खोटं बोलायला कोणी शिकवलं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. इतकी लाज त्यांना चौकात बाटलीसकट उभं राहतानाही वाटली नव्हती. तरीही त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी हेडमास्तरांचे आभार मानले, तज्ज्ञांचे मानले, अण्णांचे दोनदा मानले आणि ते खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी हार खुंटीला अडकवला. मग शेगडी पेटवली, पोत्यातले वरचे चांगले बांगडे काढले, मीठ धुऊन टाकलं आणि निखाऱ्यावर ठेवले. अंजना भाकऱ्या थापायला बसली. 

"आरं, वास जाईल," साळूबाई म्हणाल्या.

"जाऊ दे, आये."

वास गेला. खिडकीतून गेला, कौलांतून गेला, पुढच्या घरात गेला. आजवर आळीत फिरला तो कच्च्या बांगड्याचा वास होता. हा भाजल्याचा होता, आणि या वासावर कोणालाही शास्त्र शोधता आलं नसतं. तिघं ताटं घेऊन बसले, तोच दारात अण्णा उभे. सत्काराचा कोटही त्यांनी अजून उतरवला नव्हता. त्यांनी शेगडी पाहिली, ताटं पाहिली आणि मोठ्या आशेनं विचारलं, "सर, आजच्या दिवशीसुद्धा प्रयोग?"

सोपानराव उभे राहिले. "प्रयोग नाही, अण्णा. जेवण आहे. त्या दिवशीही जेवणच होतं. कोकणातून काही आलं नव्हतं. आयेनं तो अंजनासाठी इथल्याच बाजारातून आणला होता. आमच्यात खातात. मी खोटं बोललो."

इतके महिने घशात बसलेलं ते सगळं एका दमात बाहेर आलं. क्षणभर त्यांना फार मोकळं वाटलं.  

साळूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि ताट दूर सारलं. "त्येचं मनावर घिऊ नगा, अण्णासायब," त्या म्हणाल्या. "आज लई दगदग झाली त्येला. परयोगच हाय ह्यो. भाजल्यावर किडं कुठं जात्यात, त्ये बगतोय."

अण्णांनी साळूबाईंकडे पाहिलं. मग सोपानरावांकडे पाहिलं. त्यांचं नाव छापखान्यात गेलेलं होतं, पेढे वाटून झालेले होते, हमी देऊन झालेली होती. "तेच म्हटलं मी," ते म्हणाले. "चालू द्या, चालू द्या." आणि जाताना त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेरून दार ओढून घेतलं.

सोपानराव तसेच उभे होते. अंजनानं दुसरा बांगडा ताटात घेतला. साळूबाईंनी पावलांचा आवाज पुरता लांब जाईपर्यंत वाट पाहिली, ताट परत ओढलं, बांगड्याचं डोकं स्वतःकडे ठेवून उरलेला सगळा लेकाच्या ताटात सारला.

"बस खाली. जेव," त्या हळूच म्हणाल्या. "आन पुन्यांदा आसं बोलू नगंस कुणाफुडं. लेकरू ह्याच खोलीत व्हायचं हाय."